जैविक टाकीचे शास्त्र : ग्वाल्हेरचा शोध आणि आपली विहीर



अलीकडे घरबांधणीच्या सामानाच्या दुकानांपुढे प्लॅस्टिकच्या किंवा फायबरच्या मोठ्या टाक्या मांडलेल्या दिसतात. त्यांवर 'बायो-टाकी' किंवा 'बायो-डायजेस्टर' असे लिहिलेले असते. विक्रेता सांगतो, "संडासाला ही टाकी जोडा. यात जंतू आहेत, ते सगळा मैला खाऊन टाकतात. कधी उपसायला नको, वास नाही, आणि बाहेर पडणारे पाणी खुशाल भाजीला घाला." नवीन घर बांधणारा मनुष्य विचारात पडतो. पैसे तर बरेच जाणार. जंतू मैला खातात हे खरे की दुकानदारी? आणि अंगणातल्या विहिरीचे काय?

या जंतूंची गोष्ट खरी आहे. तिचा उगम ग्वाल्हेरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत आहे. मात्र दुकानात सांगितले जाते तेवढे सगळे खरे नाही. शास्त्राने काय साधले आणि काय अजून साधलेले नाही, हे दोन्ही समजले तर आपले पैसेही वाचतील आणि विहीरही राखली जाईल. म्हणून आजच्या पाठात आपण ही टाकी आतून समजून घेऊ या.

१. ग्वाल्हेरला हा प्रश्न का पडला?

ग्वाल्हेर म्हटले की आपल्याला किल्ला, तानसेन, शिंद्यांचा दरबार आणि राणी लक्ष्मीबाईंची समाधी आठवते. त्याच शहरात संरक्षण खात्याच्या संशोधन संघटनेची, म्हणजे डीआरडीओची, एक मोठी प्रयोगशाळा आहे. तिचे नाव डीआरडीई. संस्थानी काळाच्या अखेरीस, १९४७ साली, तेथे 'जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा' सुरू झाली. पुढे ती संरक्षण खात्याकडे आली आणि १९७३ पासून तिला आजचे स्वरूप मिळाले. विषारी वायू आणि रोगजंतू यांच्यापासून जवानांचे रक्षण कसे करावे, हा या प्रयोगशाळेचा मुख्य अभ्यास.

१९८४ पासून आपले जवान सियाचीनच्या हिमनदीवर पहारा देत आहेत. तेथे एक प्रश्न उभा राहिला. आपल्याकडे शेतात पडलेली घाण काही आठवड्यांत मातीत मिसळून जाते. सियाचीनला तसे होत नाही. शीतकपाटात ठेवलेला पदार्थ जसा नासत नाही, तसा बर्फातला मैला कुजत नाही. वर्षानुवर्षे तो तसाच साचून राहतो, आणि बर्फ वितळले की पाण्याबरोबर खाली वाहत जातो.

छावणी स्वच्छ राखण्याची काळजी फार जुनी आहे. मोशेच्या नियमशास्त्रातही सैन्याच्या छावणीबाहेर जाऊन, खड्डा खणून मैला झाकण्याची आज्ञा आहे. पण झाकलेले कुजते ते उबदार मातीत. बर्फात काय करावे?

ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी असा विचार केला की मैला कुजवणारे जंतू सर्वत्र असतात, पण थंडीत त्यांचे काम जवळजवळ बंद पडते. तेव्हा थंडीतही काम करणारे जंतू शोधले पाहिजेत. डीआरडीओने सांगितल्याप्रमाणे अंटार्क्टिकासारख्या अतिशीत प्रदेशांतून असे जंतू मिळवण्यात आले. प्रयोगशाळेत त्यांची वाढ केली गेली, आणि हळूहळू कमी उष्णतेत काम करण्याची सवय त्यांना लावण्यात आली. त्यांच्यासाठी बंद टाकी तयार झाली. फार थंडीच्या जागी टाकीला उबेचे आवरण देऊन सूर्याच्या उष्णतेचीही मदत घेतली गेली. ग्वाल्हेरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे उन्हाळ्यातल्या परीक्षेसाठी फार लांब जावे लागले नाही! पुढे सपाटीवरच्या प्रदेशांसाठीही टाकीचे वेगळे नमुने निघाले.

२. टाकीत नेमके काय घडते?

'जंतू मैला खातात' असे म्हणणे सोपे आहे. पण हे काम एका जातीच्या जंतूंचे नाही. टाकीत जंतूंच्या चार टोळ्या एकापाठोपाठ एक काम करतात. आपण गुऱ्हाळाचा दाखला घेऊ. गुऱ्हाळावर एक जण चरकात ऊस घालतो, दुसरा चुलवाण सांभाळतो, तिसरा मळी काढतो आणि शेवटी गुळव्या काहील उतरवतो. टाकीतही असेच आहे.

पहिली टोळी फोडणाऱ्यांची. मैल्यातील घट्ट पदार्थ, म्हणजे तंतू, पिष्ट, स्निग्ध आणि प्रथिने, ते पाण्यात विरघळतील इतके बारीक करतात.

दुसरी टोळी आंबवणाऱ्यांची. विरघळलेल्या पदार्थांपासून ते निरनिराळी आम्ले तयार करतात. वास येतो तो मुख्यतः या पायरीवर.

तिसरी टोळी त्या आम्लांचे साधे आम्ल बनवते. आपण जेवणात वापरतो त्या शिरक्यात असते तेच हे आम्ल.

चौथी टोळी वायू करणाऱ्यांची. ते त्या आम्लाचे मिथेन आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू करतात. मिथेन म्हणजे आपल्या गोबर गॅसमध्ये जळतो तोच वायू. घट्ट मैल्याचा बराच भाग असा वायुरूपाने निघून जातो. म्हणून टाकी लवकर भरत नाही.

या चौघांत शेवटची टोळी सर्वांत नाजूक. तिला हवेतील प्राणवायू सोसत नाही, आंबटपणा वाढलेला चालत नाही, आणि तिची वाढही सावकाश होते. गुळव्या आजारी पडला आणि चरक मात्र चालू राहिला तर काय होईल? रस साचून आंबून जाईल. टाकीचेही तेच होते. वायू करणारे जंतू मेले की आम्ल साचते, टाकी आंबते, दुर्गंधी सुटते आणि घट्ट मैला तळाशी साठू लागतो.

म्हणून नव्या टाकीत सुरुवातीलाच तयार जंतूंचा पातळ काला घालतात. दुधाला विरजण लावावे तसेच हे. दूध नुसते ठेवले तरी नासते, पण चांगले विरजण लावले की त्याचे दही होते. जंतू दोन्हीकडे असतात. पण योग्य जंतू पुरेशा संख्येने पहिल्यापासून हजर असले की काम बिघडत नाही. ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेचा शोध म्हणजे मुख्यतः हे विरजण आणि त्याला राहायला योग्य असे भांडे.

३. आपल्या जुन्या सेप्टिक टाकीपेक्षा निराळे काय?

आपल्या घरामागची सेप्टिक टाकीसुद्धा बंद असते आणि तिच्यातही हेच जंतू असतात. जुने गवंडी नव्या टाकीत घमेलेभर शेण टाकायला सांगतात, त्यामागेही शास्त्र आहे. गाईच्या पोटात वायू करणारे जंतू असतात, ते शेणाबरोबर टाकीत येतात. म्हणजे तेही विरजणच.

फरक तीन गोष्टींत आहे. पहिली, जैविक टाकीत निवडलेले जंतू भरपूर प्रमाणात घातलेले असतात. दुसरी, टाकीच्या आत आडभिंती असतात, त्यामुळे पाणी सरळ बाहेर न जाता वळणे घेत जाते आणि जंतूंना वेळ मिळतो. तिसरी, आत जाळीसारखे किंवा चटईसारखे थर बसवलेले असतात. जंतू त्यांना चिकटून राहतात, पाण्याबरोबर वाहून जात नाहीत.

डीआरडीओचे म्हणणे असे की, टाकी नीट चालली तर मैल्यातील सेंद्रिय पदार्थांपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग नाहीसा होतो आणि रोगजंतू ९९ टक्क्यांनी घटतात. हे ऐकायला मोठे वाटते, आणि मोठे आहेच. पण ९९ टक्के म्हणजे सगळे नव्हे. मैल्याच्या एका ग्रॅममध्ये जंतूंची संख्या लाखांनी मोजावी लागते. दहा लाखांतून ९९ टक्के गेले तरी दहा हजार उरतात. बाहेर आलेले पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसेल, वासही येणार नाही, तरी ते पिण्याचे पाणी नव्हे. हा हिशेब प्रत्येकाने मनाशी पक्का करावा.

४. रेल्वेचा धडा

पूर्वी आगगाडीच्या संडासातील सर्व घाण रुळांवर पडत असे. त्यामुळे रोग पसरत, रूळ गंजत, आणि ती साफ करण्याचे अमानुष काम काही गरीब माणसांच्या वाट्याला येई. रेल्वे आणि डीआरडीओ यांनी मिळून डब्याखाली बसणारी जैविक टाकी तयार केली. जानेवारी २०११ मध्ये ग्वाल्हेर ते वाराणसी जाणाऱ्या बुंदेलखंड एक्स्प्रेसला अशा टाक्या प्रथम बसल्या. पुढील दहा वर्षांत देशभरातील डब्यांना अडीच लाखांहून अधिक टाक्या बसवण्यात आल्या. आज रूळ पूर्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतात, ही लहान गोष्ट नव्हे.

पण अडचणीही आल्या. २०१७ साली देशाच्या महालेखापरीक्षकांनी या टाक्यांविषयी अहवाल दिला. त्यात संडास तुंबल्याच्या तक्रारी फार मोठ्या होत्या. लोक संडासात पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, कापड, लहान मुलांचे लंगोट असे काहीही टाकत होते. त्याच वर्षी मद्रासच्या आयआयटीतील तज्ज्ञांच्या पाहणीची बातमी आली. त्यांच्या मते टाकीतून पडणारे पाणी साध्या मैलापाण्यापेक्षा फारसे बरे नव्हते. यावर बराच वाद झाला.

मग ग्वाल्हेरचा शोध खोटा ठरला काय? तसे नव्हे. जंतूंना काम करायला वेळ लागतो. डब्याखालची टाकी लहान. सकाळी एकामागून एक शंभर माणसे संडासाला जातात, प्रत्येक वेळी पाण्याचा लोंढा येतो आणि अर्धवट कुजलेला मैला पुढे ढकलला जातो. विरजण कितीही उत्तम असले तरी पाच मिनिटांत दही लागत नाही. शोध एक असतो आणि त्याचा वापर दुसरा. वापर चुकला की चांगल्या शोधाचेही नाव खराब होते.

हाच हिशेब आपल्या घराला लावून पाहू. समजा घरात पाच माणसे आहेत आणि संडासात माणशी रोज २० लिटर पाणी पडते. म्हणजे रोज १०० लिटर. टाकी ७०० लिटरची असेल तर पाणी तिच्यात सुमारे सात दिवस राहील. आता कोणी न्हाणीघराचे आणि धुण्याचे पाणीही त्याच टाकीत सोडले आणि रोजचे पाणी ५०० लिटर झाले, तर ते दीड दिवसाच्या आत बाहेर पडेल. गावच्या सणाला घरात वीस पाहुणे आले तरीही तेच. टाकी तीच, जंतू तेच, पण काम अर्धवट. म्हणून पहिला नियम असा : जैविक टाकीत फक्त संडासाचे पाणी जाऊ द्यावे. न्हाणीचे पाणी वेगळ्या चराने केळींना किंवा माडांना द्यावे.

५. टाकी कोणती गोष्ट करीत नाही?

दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली, जंतांची अंडी. मुलांच्या पोटात होणाऱ्या गोल जंतांची अंडी फार चिवट असतात. त्यांचे कवच जाड असते. मातीत ती अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ जिवंत राहतात. टाकीत बरीच अंडी तळाशी बसतात, पण सगळी मरत नाहीत. म्हणून टाकीचे पाणी कोथिंबीर, मुळा, काकडी, मेथी अशा पिकांवर शिंपडू नये. कच्ची खाल्ली जाणारी भाजी या पाण्यापासून दूरच ठेवावी. फळझाडांना, नारळाला, केळीला, फुलझाडांना हे पाणी जमिनीखालून, चरातून द्यायला हरकत नाही. ते हाताला लागता कामा नये, आणि मुले व कोंबड्या त्यात जाता कामा नयेत.

दुसरी गोष्ट नत्राची. मैल्यात व लघवीत नत्र असते. टाकीतील जंतू ते नाहीसे करीत नाहीत. ते पाण्याबरोबर बाहेर येते. झाडाला ते खत आहे, पण विहिरीला ते विष आहे. जमिनीत त्याचे नायट्रेट बनते आणि पाझरत पाझरत विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे असे भारतीय मानक आहे. अधिक झाले तर विशेषतः बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांना धोका असतो. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते आणि मूल निळसर पडते. हे नायट्रेट पाणी उकळल्याने जात नाही. उकळल्याने जंतू मरतात एवढेच.

लक्षद्वीपच्या बेटांसाठीही ही टाकी निवडण्यात आली, त्याचे कारण पाहण्यासारखे आहे. तेथे वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर असतो आणि त्यावरच बेटावरचे लोक जगतात. साधा शोषखड्डा केला की मैला सरळ त्या पाण्यात. आपल्यापैकी जे समुद्रकाठी वाळूच्या जमिनीत राहतात, किंवा ज्यांच्या विहिरीचे पाणी पावसाळ्यात वरपर्यंत येते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. वाळू आणि भेगांचा खडक यांतून पाणी गाळले न जाता झपाट्याने पुढे जाते.

म्हणून टाकी जैविक असो वा साधी, तिचा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान ६० फूट दूर असावा, आणि विहिरीच्या उताराच्या खालच्या अंगाला असावा. शेजाऱ्याची विहीरही मोजावी. आपला शोषखड्डा आपल्या विहिरीपासून लांब पण शेजाऱ्याच्या विहिरीला लागून, असे पुष्कळ ठिकाणी दिसते. ते बरे नव्हे.

६. आपल्याकडे हे काम जुनेच आहे

मैल्यापासून वायू काढण्याची विद्या आपल्या भूमीला नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाकीतून वायू गोळा करून वापरला गेला होता. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी साध्या, स्वस्त संडासांचे आणि सोनखताचे प्रयोग केले. स्वतः भंगीकाम करून त्यांनी ते लोकांना शिकवले.

पुणे जिल्ह्यातील देहू गावी १९६० च्या सुमारास डॉ. सुहास मापुसकर सरकारी आरोग्य केंद्रात आले. तपासायला येणारे बहुतेक रोगी जुलाब, जंत, विषमज्वर यांचे. औषध देऊन लोक बरे होत आणि पुन्हा तेच दुखणे घेऊन येत. रोगाचे मूळ उघड्यावरच्या शौचात आहे हे ओळखून त्यांनी आयुष्यभर संडासांचे काम हाती घेतले. 'मलप्रभा' या नावाचे, संडासाला जोडलेले गॅस संयंत्र त्यांनी तयार केले. २०१५ साली ते वारले आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

ज्यांच्याकडे गाई-म्हशी आहेत त्यांनी या मार्गाचा अवश्य विचार करावा. एका माणसाच्या मैल्यापासून रोज साधारण एक घनफूट वायू मिळतो. स्वयंपाकाला माणशी रोज आठ-दहा घनफूट वायू लागतो. म्हणजे नुसत्या संडासावर चूल पेटणार नाही. पण एक किलो ताज्या शेणापासून सव्वा ते दीड घनफूट वायू मिळतो. चार-पाच जनावरांचे सुमारे ५० किलो शेण असेल तर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो, आणि त्याच संयंत्राला संडास जोडला की मैल्याचीही सोय लागते. मात्र संडास जोडलेल्या संयंत्राची मळी ताजी वापरू नये. ती खड्ड्यात वर्षभर मुरवून मगच शेतात घालावी.

आणि ज्यांच्याकडे पैसा थोडा व जागा बेताची आहे, त्यांनी दोन खड्ड्यांच्या संडासाला कमी लेखू नये. एक खड्डा भरला की नळी दुसऱ्याकडे वळवायची. पहिला खड्डा झाकून निदान एक वर्ष, शक्य तर दीड-दोन वर्षे, तसाच ठेवायचा. आपल्या उष्ण हवेत तेवढ्या काळात रोगजंतू आणि अंडी मरतात व काळे, मोकळे, वास नसलेले सोनखत तयार होते. विरजण विकत आणावे लागत नाही. खड्ड्यातल्या मातीतच ते असते. जेथे विहीर दूर आहे आणि पावसाळ्यात पाणी वर येत नाही, तेथे हा संडास उत्तम काम देतो.

७. टाकी घेण्यापूर्वी विचारायचे पाच प्रश्न

ग्वाल्हेरच्या टाकीचे तंत्र डीआरडीओने अनेक खाजगी कारखान्यांना दिले आहे. पण 'बायो' हा शब्द कोणीही रंगवू शकतो. म्हणून विक्रेत्याला विचारा :

(१) डीआरडीओचा परवाना तुमच्या कारखान्याला आहे काय? कागद दाखवा.

(२) विरजण कोठून आणता, किती लिटर घालता, आणि ते आमच्या डोळ्यांदेखत घालाल काय?

(३) टाकीच्या आत किती कप्पे आहेत? झाकण उघडून दाखवा. आत नुसती पोकळी असेल तर ती साधी सेप्टिक टाकीच आहे. तिची किंमतही तेवढीच असावी.

(४) आमच्या घरच्या माणसांच्या संख्येला हे माप पुरे आहे काय? पाहुण्यांचा हिशेब धरला आहे काय?

(५) बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी काय सोय कराल? "काहीच लागत नाही" असे जो सांगेल त्याच्याकडून घेऊ नका. शोषखड्डा किंवा वाळू-खडीत लव्हाळे, कर्दळ लावलेला वाफा हवाच.

८. टाकीची निगा

टाकीत जिवंत प्राणी आहेत हे ध्यानात ठेवून तिच्याशी वागावे. संडास धुण्यासाठी आम्ल, फिनेल, ब्लिचिंग पावडर रोज ओतू नये. साधे पाणी आणि ब्रश पुरे. कधीतरी थोडा साबण चालेल. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर विहिरीतच टाकावी. तीच पावडर विहिरीला वाचवते आणि टाकीतल्या जंतूंना मारते.

कागद, कापड, प्लॅस्टिक, मासिक पाळीच्या पट्ट्या, उरलेली औषधे, स्वयंपाकाचे तेल संडासात टाकू नये. वायू जाण्यासाठी उभी नळी घराच्या छपरापेक्षा उंच न्यावी, तिच्या टोकाला बारीक जाळी बांधावी म्हणजे डास जाणार नाहीत. वास येऊ लागला तर टाकी आंबली असे समजावे. चार दिवस पाण्याचा मारा कमी करावा, रसायने बंद करावीत, आणि न सुधारल्यास पुन्हा विरजण घालून घ्यावे.

'कधीच उपसावी लागत नाही' हे बोलणेही जपून घ्यावे. न कुजणारी माती, वाळू, केस तळाशी साचतातच. काही वर्षांनी एकदा तपासणी करावी.

९. टाकीत माणूस उतरवू नका

ही सूचना आम्ही शेवटी देत आहोत, पण तिचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. बंद टाकीत मिथेनबरोबर हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. अधिक झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते आणि मनुष्य काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तेथेच राहतो. आपल्या देशात अशी मरणे दरवर्षी होत आहेत.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांवाचून माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई सांगितली, आणि २०२३ साली ती तीस लाख केली. पण पैशाने मनुष्य परत येत नाही. टाकी उपसायची तर पंपाची गाडीच बोलवावी. खर्च थोडा अधिक येईल, तरी दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर आपल्या घरची स्वच्छता नको. कोणी आत पडलाच तर उडी न मारता अग्निशमन दलाला बोलवावे, दोर सोडावा, झाकणे उघडून हवा खेळू द्यावी, आणि जवळपास काडी पेटवू नये.

या आठवड्यात करण्याची कामे

वाचकहो, पाठ वाचून बाजूला ठेवू नका. एक टेप घ्या आणि आपला शोषखड्डा विहिरीपासून किती फूट आहे ते मोजा. शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंतचे अंतरही मोजा. न्हाणीचे पाणी संडासाच्या टाकीत जात असेल तर ते वेगळे करा. ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य केंद्रात पाणी तपासण्याच्या लहान बाटल्या मिळतात का त्याची चौकशी करा. बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवल्यावर ते काळे पडले तर त्यात मैल्याचे जंतू असण्याचा दाट संभव आहे, असे समजून पाणी उकळूनच प्यावे आणि विहिरीत टीसीएल टाकून घ्यावी. बाटली जंतूंचीच खूण देते, म्हणून घरात तान्हे मूल असेल तर पाण्यातील नायट्रेटही एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

नवी टाकी घ्यायची असेल तर वरचे पाच प्रश्न कागदावर लिहून दुकानात न्या. ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी चांगले विरजण दिले आहे. टाकीचे माप, तिची जागा आणि रोजची निगा मात्र ज्याची त्यालाच पाहावी लागेल.